उरण येथील जमीन पक्की करण्याच्या कामाबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार साहेब,

काम चार दिवस लांबले, त्यांपैकी तीन दिवस आमचा स्लरीचा (सिमेंट-पाण्याच्या पातळ घोळाचा) पंप बंद होता. आपला खोळंबा झाला, त्याबद्दल क्षमस्व.

मात्र ‘जमीन पक्की करायचे पैसे घेतले आणि कोअर हातात चुरला’ असे आपण लिहिले आहे. तो कोअर (तपासणीसाठी कोरून काढलेला नमुना) कोणत्या दिवशी काढला, हे मात्र लिहिलेले नाही. शेवटचा कॉलम (जमिनीतच माती आणि सिमेंट कालवून केलेला खांब) झाल्यानंतर सहाव्या दिवशी, आम्हाला न कळवता, आपण दुसऱ्या बोअरवाल्याकडून तो काढून घेतलात. आपली सही असलेल्या कोटेशनमध्ये चाचणी २८ दिवसांनी, असे स्पष्ट नमूद आहे. माती उपसून काँक्रीट भरण्याचे हे काम नव्हे. ऑगर, म्हणजे पाती असलेले मोठे गिरमिट, खाली उतरताना त्याच्या पोकळ दांड्यातून सिमेंटची स्लरी सोडली जाते आणि पाती ती जागच्या जागी मातीत कालवतात. खाडीलगतच्या काळ्या चिकणमातीत पाणी मुळातच जास्त, आणि त्यात कुजका अंश असला तर सिमेंट आणखी सावकाश धरते. घराच्या स्लॅबचे टेकूसुद्धा सहाव्या दिवशी काढा असे कोणी म्हणत नाही, आणि इथे तर काँक्रीट नाही, चिखल आहे. शिवाय कोवळा कॉलम साध्या नळीने कोरला की ड्रिलिंगच्या हादऱ्यानेच फुटतो. त्याला नमुना आतल्या नळीत जपणारी तिहेरी नळी लागते. (त्याच कॉलमांवरून तिसऱ्या दिवशी आपला खडीचा डंपर गेला, हे मी खरे तर लिहिणार नव्हतो.)

प्रत्येक मीटरला किती स्लरी गेली आणि पाती किती फेरे फिरली, याची नोंद रोज संध्याकाळी आपल्या सुपरवायझरच्या हाती दिलेली आहे. ही रिग (ऑगर चालवणारे यंत्र) कर्जावर घेतलेली आहे, आणि आपला अभिप्राय वाचून एका गिऱ्हाइकाने ठरलेले काम कालच थांबवले.

ओल्या मिश्रणाचे नमुने आम्ही त्या त्या दिवशीच साच्यांत भरून ठेवले आहेत. २८व्या दिवशी ते आपल्यासमोर तपासून घेऊ, आणि आपण म्हणाल त्या कॉलमचा कोअर तिहेरी नळीने, आमच्या खर्चाने काढू. जादा पंप ठेवण्याचाही विचार चालू आहे. तोपर्यंत अभिप्राय काढून टाका असे म्हणत नाही; कोअर सहाव्या दिवशीचा होता, एवढे त्यात लिहावे.