जस्त जास्तच घ्या

सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जात असाल, तर बाकावरची मंडळी दोन मिनिटांत सांगतील की तुमच्या अंगात झिंक कमी आहे. त्यांचं ऐका. रक्त तपासायला डॉक्टर सांगतात. बाकावरच्या माणसाला नुसतं तोंड बघून कळतं. केस गळतात? झिंक. झोप लागत नाही? झिंक. मुलगा बेंगळुरूहून फोन करत नाही? तेही झिंकच असणार.

झिंक म्हणजे आपलं जस्त. अख्ख्या देहात ते असतं दोन-तीन ग्रॅम. त्यावर तीनशेच्या वर एन्झाइमांचा कारभार चालतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020 च्या हिशेबात पुरुषाला रोज 17 मिलिग्रॅम पुरे, बाईला 13 च्या आसपास, आणि 40 च्या वर जाऊ नये. आता सरकारी हिशेबावर आपण कधीपासून विश्वास ठेवायला लागलो? तुम्ही पन्नासची गोळी घ्या, तीही उपाशीपोटी. मळमळलं की लागू पडतेय असं समजा. महिनोन्‌महिने घेतली की आतड्यात तांब्याची वाट अडते आणि अंगातलं रक्त कमी व्हायला लागतं. घाबरू नका. तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्या, हा उपाय त्याच बाकावर फुकट मिळतो.

नातवाला जुलाब लागले की मात्र हात आखडता घ्यायचा. डॉक्टर ओआरएसबरोबर झिंकच्या चौदा गोळ्या लिहून देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2004 मध्ये हेच सांगितलं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत लागण्याची शक्यताही त्यानं कमी होते. पण तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं की गोळ्या बंद. उगाच इतकं औषध कोवळ्या पोटात कशाला? उरलेल्या अकरा फ्रिजवरच्या डब्यात टाका. मागच्या वेळच्या अकरा तिथं आहेतच.

जेवणातून जस्त मिळवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यात जास्त असतं ते कालवांत, आणि चोर्ला घाट उतरून आपण गोव्याला जातो ते काय कालवं खायला? तिळात आहे, शंभर ग्रॅमला सातेक मिलिग्रॅम, पण तीळ संक्रांतीला. राहिली भाकरी आणि उसळ. त्यांतही जस्त आहे, फक्त फायटेट नावाचं द्रव्य त्याला घट्ट धरून बसतं, आतड्याला सोडत नाही. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे डॉक्टर इराणात होते, तेव्हा त्यांच्यापुढं 21 वर्षांचा रुग्ण आला, दिसायला दहा वर्षांचा. जेवण काय, तर न आंबवलेल्या पिठाची रोटी. जस्त कमी पडून माणसाची वाढ खुंटते, हे त्यांनी पुढं 1963 मध्ये इजिप्तमधल्या रुग्णांवरून दाखवून दिलं.

आमच्या आजीला फायटेट ठाऊक नव्हतं. तिची मटकी रात्रभर भिजायची, सकाळी जुन्या पंचात बांधून खुंटीला लटकायची, आणि दुसऱ्या दिवशी पंचाच्या विणीतून मोड बाहेर डोकवायचे. गाठ सोडताना निम्मे तुटायचे, त्याबद्दल आम्ही बोलणी खायचो. आंबीलसुद्धा रात्रभर आंबायची. मोड आले, पीठ आंबलं, की फायटेट फुटतं आणि जस्त सुटतं. असल्या कामाला तुम्हाला सवड कुठली? कडधान्य थेट कुकरला लावा, चार शिट्ट्या घ्या, आणि वर गोळी.

ऊस असेल तर त्याचंही बघा. 21 टक्क्यांचं झिंक सल्फेट आणायचं आणि डीएपी खताच्या ढिगातच कालवून टाकायचं. वेगवेगळं टाका, डीएपीतल्या स्फुरदाशी, म्हणजे फॉस्फरसशी, गाठ पडली की जस्त मुळांना लागत नाही, असं जाणती माणसं सांगतील. सांगू देत. मजूर दोनदा लावायचे कुणी?

पत्र्यांच्या बाबतीत मी स्वतः वाट घालून दिली आहे. खानापूरच्या पावसाला टिकावेत म्हणून गोठ्यावर जस्ती पत्रे घातले. दुकानात जाडी विचारली, पाहुण्याचं नाव सांगून भाव पाडला. चौरस मीटरला जस्त किती ग्रॅम, 120 की 275, हे विचारायचं असतं ते कळलं तिसऱ्या पावसाळ्यात, खिळ्यांभोवती तांबूस कडी उमटल्यावर. जस्ताचा स्वभाव असा की लोखंडाआधी ते स्वतः झिजतं. ओरखडा गेला तरी शेजारचं जस्त गंजापुढं उभं राहतं. घरातल्या थोरल्या सुनेसारखं, असं लिहिणार होतो, पण हे घरी वाचलं जातं. जिथं मुळात थरच पातळ, तिथं झिजून झिजून किती झिजणार?

आणि हो, दुकानात भाषा सांभाळा. परवा खडेबाजारात औषधाच्या दुकानात मी अस्मितेनं विचारलं, ‘‘जस्त आहे काय?’’

‘‘पत्र्याचं दुकान पलीकडं हाय बघा, मामा.’’

पोरगं कन्नड असेल असं वाटून म्हटलं, ‘‘सतु, सतु.’’

‘‘तेच की. त्याच दुकानात.’’

मग गोळीचं पाकीट काढून दाखवलं.

‘‘झिंक म्हणा की हो! पन्नासचं देऊ?’’