खुलासा : धुरी आणि कापराच्या तेलाने न्यूमोनिया टळत नाही

‘बाळाला रोज ओव्याची धुरी द्या, छातीला कापूर घातलेलं तेल चोळा, न्यूमोनिया होणार नाही, लसही नको’ असा मेसेज थंडी पडली की आयांच्या ग्रुपवर फिरू लागतो. तो चुकीचा आहे.

न्यूमोनिया बहुतेक वेळा जंतूंमुळे होतो. धूर, मग तो ओव्याचा असो वा चुलीचा, बाळाच्या श्वासनलिकेला इजा करतो आणि जंतूंचं काम सोपं होतं. कापूर तान्ह्या बाळाला घातक आहे. पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि चोळलेला हात बाळ तोंडात घालतंच. नुसत्या तेलाची हलकी मालिश खुशाल करा, फक्त नाकात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरलं तर त्यानेही न्यूमोनिया होऊ शकतो.

न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस (पीसीव्ही) सरकारी केंद्रात मोफत मिळते : 6 आठवडे, 14 आठवडे, मग बाळ 9 महिन्यांचं झालं की बूस्टर. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध द्या.

खोकला असेल तर बाळ शांत असताना, रडताना नव्हे, अंगडं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. 2 महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर थेट रुग्णालयात न्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आला असेल तिथे हा खुलासा टाका.