आराखडा करावा तर एप्रिलात

वैनगंगेकाठच्या एखाद्या गावाचा वाहतूक आराखडा करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर घाबरू नका. मी नुकताच एक आराखडा होताना जवळून पाहिला आहे. म्हणजे दीड तास नाल्याच्या काठावर उभं राहून.

आमचं गाव उदाहरणाला घ्या. एका अंगाला नदी, दोन अंगांनी नाला, मागे जंगल. चार महिने आमचं बेट होतं. समुद्र नाही, नारळ नाही, तरी बेट. विदर्भात असं नशीब कुणाचं!

तर पाहणी एप्रिलात करा. नाला ठणठणीत कोरडा असतो, पोरं पात्रात क्रिकेट खेळतात, तुमची गाडी रपट्याला, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाला, न विचारता थेट वाळूतून पलीकडे निघते. सकाळी लवकर या. अर्धं गाव मोहफुलं वेचायला गेलेलं असतं, त्यामुळे मध्ये बोलायला कुणी नाही. वहीत लिहा, ‘बारमाही रस्ता उपलब्ध.’ एखादा म्हातारा काही सांगू लागलाच तर त्याच्या हातचा चहा घ्या आणि मान हलवा.

अंतर नकाशावर मोजा. फाटा तीन किलोमीटर. जुलैत तेच तीन किलोमीटर आधी डोंग्यानं, म्हणजे छोट्या होडीनं, मग गुडघाभर चिखलातून, डोक्यावर दुधाची कॅन घेऊन कसे कापतात, हे नकाशावर दिसत नाही.

बसची वेळ शाळा सुटायच्या आधीची ठेवा.

लाइफ जॅकेटं वाटताना फोटो काढा, मग जॅकेटं कुलपात ठेवा. किल्ली सुट्टीवर असलेल्या माणसाकडे द्या.

पाऊस मात्र नीट मोजा. रस्ता किती दिवस बंद होता ते पावसाच्या आकड्यांवरून ठरवा. आमच्याकडे आलेल्या साहेबांनी तसंच केलं. “त्या आठवड्यात तर तुमच्या महसूल मंडळात पाऊसच नाही, मग रस्ता बंद कसा?” आमचा डोंगेवाला काका म्हणाला, “सायब, इथं पाणी नाही आला तरी रपटा बुडते.” साहेब हसले. आता यात हसण्यासारखं काय आहे? वर गोसेखुर्दला धरण आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत. पाऊस वर मध्य प्रदेशात पडतो, दरवाजे उघडतात, वैनगंगा फुगते आणि आमच्या नाल्याचं पाणी नदीत शिरायच्या ऐवजी उलटं मागे येतं. याला आम्ही ‘दाब’ म्हणतो. आकाश निळंभोर, बांध्यांत धानाची रोवणी चालू, आणि रपटा पाण्याखाली. चौथीतलं पोरगं तुम्हाला हे सांगेल. पण चौथीतल्या पोराला कोण विचारतं? डोंगेवाल्या काकाला तरी कुणी विचारलं? कुठल्या दगडापर्यंत पाणी आलं की डोंगा काढायचा नाही, हे त्या एकट्याला ठाऊक आहे. आराखड्याच्या ४८ पानांत ‘डोंगा’ हा शब्द एकदाही नाही. ‘शाश्वत’ सतरा वेळा आहे, मोजून पाहिलं.

राहिला लोकसहभाग. तो असा घ्यावा. बैठक तालुक्याच्या सभागृहात बारा वाजता ठेवा आणि निरोप त्याच सकाळी साडेनऊला मोबाइलवर टाका. त्या दिवशी रपट्यावर कमरेइतकं पाणी होतं. मी छत्री, पिशवीत चपला आणि बहात्तर सह्यांचं निवेदन घेऊन काठावर उभा. डोंगा एका दिवस भरलेल्या बाईला घेऊन पलीकडे गेला होता. (दिवस भरायच्या आधीच दवाखान्याजवळ राहायला माहेरघराची सोय असते, हे मलाही माहीत आहे. ऐन रोवणीत घर सोडून कोणती बाई निघते, तेवढं सांगा.) पोहोचलो सव्वादोनला. शिपाई चहाचे कप गोळा करत होता. म्हणाला, “झाली ना बैठक. मस्त झाली.”

आठवड्यानं इतिवृत्त आलं. आमच्या गावापुढे लिहिलं होतं: ‘ग्रामस्थ अनुपस्थित. वाहतुकीबाबत तक्रार नाही.’

फोन केला तर उत्तर मिळालं, “ऑनलाइन यायचं होतं ना.” लाइट गेली की आमचा टॉवर जातो, आणि ढग दिसले की लाइट जाते.

तक्रार नाही म्हणे! येता आलं नाही हीच तक्रार होती, ती तुम्ही गैरहजेरी म्हणून लिहून घेतली.

आता सूचनाबिचना राहू द्या, सरळच बोलतो. ७३व्या घटनादुरुस्तीनं अकरावी अनुसूची दिली, ती १९९३ पासून लागू आहे. त्यात पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय आहेत. तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या, पूल यांच्या रांगेत नावेची वाहतूकही लिहिलेली आहे. घटनेत नाव बसली, तुमच्या ४८ पानांत नाही बसली? लाज वाटू द्या थोडी.

आणि गाववाल्यांनो, तुम्ही दात काढू नका. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, तेवढेही आपण जमत नाही. सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग चार डोकी ठराव करतात. रजिस्टर घरी येतं, खाटेवर पडल्यापडल्या सही ठोकता, वर काय लिहिलंय ते बघत नाही. जुलैत रपट्यावर उभं राहून शिव्या देता, आणि २६ जानेवारीला झेंडा झाला की घरी!

रपट्यावर धोक्याची खूण रंगवायला किती पैसे लागतात? दोन्ही काठांना दोर बांधायला? डोंगेवाल्याला चार महिन्यांचं मानधन द्यायला, शाळेच्या पोरींची निळी बस फाट्यावर अर्धा तास थांबवायला? ड्रायव्हर बस पाण्यात घालत नाही ते बरोबरच करतो. पण पोरी डोंग्यातून उतरून फाट्यावर येईपर्यंत तरी थांबा. उंच पूल व्हायचा तेव्हा होईल.

पुढची बैठक आमच्या शाळेत घ्या, ऑगस्टात. डोंग्याचे जायचे-यायचे चाळीस रुपये होतात. काका उधारी ठेवत नाही, सुटे घेऊन या.