मागचा बुंधा म्हणजे मृत्यू नव्हे

जर्मनीतल्या मायसेन कारखान्याच्या अठराव्या शतकातल्या पोर्सलिन (पांढऱ्या चिनी मातीच्या) बाहुल्यांबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय : पायामागचा तुटका बुंधा म्हणजे मृत्यू, तळाच्या निळ्या तलवारी म्हणजे युद्ध, पग कुत्रा म्हणजे फ्रीमेसन (एका गुप्त बंधुसंघाचे सदस्य), पिंजरा म्हणजे गमावलेलं कौमार्य. यातल्या पहिल्या दोन गोष्टी साफ चूक आहेत, उरलेल्या दोन अर्धवट.

बुंध्याचं कारण भट्टीत आहे. शेवटच्या भाजणीत, १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पोर्सलिन मऊ पडतं आणि साधारण एक षष्ठांश आकसतं. त्या वेळी नाचणाऱ्या मुलीचे बारीक घोटे वरचं धड पेलू शकत नाहीत. मूर्ती कलते, नाहीतर घोट्यालाच तडा जातो. म्हणून पोटरीमागे बुंधा किंवा खडक. पुढे आलेल्या हाताखाली त्याच कच्च्या मातीचे टेकू देतात, कारण तेही हाताइतकेच आकसतात. आधीच भाजलेला टेकू आकसत नाही आणि हात वर ढकलतो. भाजणीनंतर टेकू निघतात, बुंधा राहतो. मग त्यावर पानंफुलं चिकटवून तो शोभेचा करायचा. तुटका खांब किंवा बुंधा म्हणजे अकाली मृत्यू, हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या थडग्यांवरचा. तो इथे चिकटवू नये.

तलवारी सॅक्सनीच्या इलेक्टरच्या, म्हणजे मायसेन ज्याच्या राज्यात होतं त्या शासकाच्या, राजचिन्हातल्या. १७२० च्या दशकापासून ती कारखान्याची खूण आहे, आणि तिच्या नकलाही उदंड.

पगचं थोडं खरं आहे. १७३८ मध्ये पोपने फ्रीमेसनरीवर बंदी घातल्यानंतर जर्मनीत त्याच धर्तीचा ‘पग’ नावाचा गुप्त संघ निघाला. पण पग दरबारातला लाडका कुत्राही होता. सोबत एप्रन, कंपास, पृथ्वीगोल दिसला तरच फ्रीमेसन म्हणावं. बाईच्या मांडीवरचा एकटा पग म्हणजे पाळलेला कुत्रा.

पिंजऱ्याच्या बाबतीत घाई सगळ्यात जास्त होते. उघडा, रिकामा पिंजरा आणि खिन्न मुलगी असेल, तर फ्रेंच चित्रांतला गमावलेल्या कौमार्याचा अर्थ लागू पडतो. पण बोटाला चोच मारणारा पक्षी बहुधा पाच इंद्रियांच्या संचातला ‘स्पर्श’ असतो; आरसा म्हणजे दृष्टी, फूल म्हणजे गंध. ऋतूंच्या संचात मात्र तेच फूल वसंत होतं, कणसं उन्हाळा, द्राक्षं पानगळ आणि शेगडीपाशी शेकणारा म्हातारा हिवाळा. संच फुटून बाहुल्या सुट्या विकल्या गेल्या की हे धागे तुटतात. म्हणून अर्थ लावण्याआधी बैठकीचा आकार, तिच्यावरची सोनेरी नक्षी आणि उंची जुळणाऱ्या जोडीदार बाहुल्या शोधाव्यात, आणि त्यांच्या हातात काय आहे ते पाहावं.