मत न देता लोकशाही कशी चालवावी

टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाने मतदानाच्या रांगेत उभं राहू नये. पुढे वॉचमन, मागे आपल्याच घरच्या मावशी. त्यांचंही एक मत, तुमचंही एकच. एवढा मेंटेनन्स भरून!

२०२४च्या विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार धरला, तुम्ही शनिवार-रविवारला जोडून लोणावळ्याला पळू नये म्हणून. काही सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं उघडली. तरी राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं असताना कुलाबा ४४-४५च्या पुढे सरकला नाही. शाब्बास! दुपारी ३ वाजताच मतदान संपणाऱ्या गडचिरोलीत मात्र ७०च्या वर. तिथे ओटीटी नसावं.

झोपडपट्टीवाल्यांचं मतदारयादीचं वेड तेवढं समजून घ्या. १ जानेवारी १९९५च्या मतदारयादीत नाव सापडलं तर पुनर्वसनात २२५ चौरस फुटांची खोली, नाही सापडलं तर अपात्र, असा नियम होता. पुढे तारीख २०००वर सरकली, धास्ती तीच. म्हणून तिथली आजी यादीची झेरॉक्स रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवामागे ठेवते. तुमच्याकडे इंडेक्स टू आहे, फ्लॅटच्या नोंदणीचा कागद. तुम्हाला यादीत नाव कशाला हवं?

शिवाय मत हा फार लांबचा रस्ता. पाणी आलं नाही की वस्तीतल्या बायका हंडे घेऊन नगरसेवकाच्या दारात बसतात. तुमच्यासाठी मुंबई पालिकेने १९९७ सालीच एएलएमची, म्हणजे पालिकेशी थेट बोलणाऱ्या रहिवासी गटांची, सोय केली आहे. लेटरहेड छापा, वॉर्ड ऑफिसात जा. खुर्ची मिळेल, बहुधा चहाही. तेवढ्याने भागलं नाही तर फेरीवाल्यांविरुद्ध हायकोर्टात जनहित याचिका. (जनहितातला जन कोण, हे वकील ठरवतात.) मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ मुंबईत नगरसेवकच नव्हते. तुम्हाला कळलं तरी का? हंडेवालींना कळलं.

आता एक नाजूक मुद्दा. 'हे लोक पाचशे रुपयांत मत विकतात' हे वाक्य मुखोद्गत असू द्या. निवडणुकीच्या तोंडावर सोसायटीत बसलेले पेव्हर ब्लॉक, गेटचा रंग, सीसीटीव्ही यांचा मात्र तिथे उल्लेख नको. तो विकास.

मतदानाच्या दिवशी मावशी उशिरा येतील, बोटाला शाई लावून. रागावू नका. चहा येईपर्यंत ग्रुपवर 'या देशाचं काही खरं नाही' एवढं टाकून ठेवा.