रामनदीचे पाणलोट आधी पायी फिरू या

दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या रामनदीच्या काठी स्वच्छता मोहिमा होतात. हातमोजे घातलेले तरुण, शाळकरी मुले आणि निवृत्त मंडळी मिळून पात्रातले प्लास्टिक पोती भरभरून बाहेर काढतात. या सर्वांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो राखूनच आज एक मत मांडते आहे. पात्रात उतरून कचरा काढण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आपण या नदीचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस वाहत शेवटी या नदीत येतो तो सारा परिसर, समजून घेण्याला द्यायला हवे. बावधन, पाषाण किंवा बाणेरमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना आपल्या गच्चीवर पडलेला पाऊस नेमक्या कोणत्या ओढ्याने नदीला मिळतो हे सांगता येईल. तो ओढा उद्या भराव टाकून बुजवला गेला, तरी आपल्याला त्याचा पत्ता लागणार नाही.

रामनदी काही मोठी नदी नव्हे. खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावून भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी आणि बाणेर असा सुमारे १९ किलोमीटरचा प्रवास करून ती औंधजवळ मुळेला मिळते. वाटेत भूगावचा मानस तलाव लागतो आणि पुढे पाषाण तलाव. पाषाण तलाव ब्रिटिशांच्या काळात याच नदीवर बांध घालून तयार केला गेला, तो गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या निवासस्थानाला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या आवाराला, पाणी पुरवण्यासाठी. त्याच तलावावर आज जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. यंत्राने ती काढली तरी काही महिन्यांत पुन्हा माजते, कारण तिला पोसणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस वरच्या बाजूने सांडपाण्यातून येतच राहतो. तलाव कितीही वेळा साफ केला तरी रोगाचे मूळ तलावाच्या वर आहे.

आणि या ‘वर’ची व्यवस्था सोपी नाही. बावधन बुद्रुक २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आले, परंतु भुकूम आणि भूगाव ही गावे हद्दीबाहेर राहिली. तिथे ग्रामपंचायती आहेत आणि बांधकाम परवानग्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून मिळतात. पाणी मात्र ही हद्द पाळत नाही. भूगावात एखाद्या नव्या गृहसंकुलाचे सांडपाणी प्रक्रिया न होता ओढ्यात सोडले गेले, तर त्याचा त्रास पाषाणच्या रहिवाशाला होतो, पण त्याबद्दल भूगावच्या ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार त्याला नसतो. ही पोकळी कायद्याने भरली जाईल तेव्हा जाईल. तोपर्यंत ती भरून काढण्याचे काम उगमापासून संगमापर्यंतच्या लोकांनी एकमेकांना ओळखण्यानेच होऊ शकते, आणि माझ्या मते लोकसहभागाचे सर्वांत मोठे मोल इथे आहे.

पुण्याचा खडक बेसाल्टचा. त्याचे थर एकावर एक रचलेले आहेत, काही घट्ट, काही सच्छिद्र आणि भेगाळलेले. पावसाचे पाणी सच्छिद्र थरांत मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि उतारावर जिथे वाट सापडते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पावसाळ्यानंतरही ओढे काही काळ वाहते राहतात ते या साठलेल्या पाण्यामुळे. अ‍ॅक्वाडॅमसारखी भूजलाचा अभ्यास करणारी संस्था पुण्यात आहे आणि नदी व भूजल ही एकाच पाण्याची दोन रूपे आहेत, हे तिथले अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत. टेकडीचा उतार फोडून तिथे इमारतीचे दोन मजली तळघर खोदले जाते, तेव्हा नदीच्या पात्राला कोणी हात लावलेला नसतो. तरीही खाली कुठेतरी एक झरा आटतो.

हेच पुराच्या बाबतीत. ऑक्टोबर २०१० मधल्या अतिवृष्टीत रामनदीला आलेला पूर आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घातलेले थैमान पुणेकर विसरलेले नाहीत. नकाशांवर २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. परंतु सगळी चर्चा या दोन रेषांभोवती फिरत राहते आणि टेकडीवरून उतरणाऱ्या, आठ महिने कोरड्या असणाऱ्या ओघळींकडे कोणी पाहत नाही. पाण्याला मुरायला जागा उरली नाही आणि ओघळी पाइपात कोंबल्या गेल्या, की तोच पाऊस तासाभरात खाली येऊन धडकतो.

जीवितनदी संस्थेने ‘दत्तक घेऊ या नदीकिनारा’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा नदीच्या एका लहान टप्प्यावर तीच माणसे पुन्हा पुन्हा जाऊ लागली. हे सातत्य मला फार मोलाचे वाटते. रामनदी पुनरुज्जीवन अभियानानेही काठावरच्या शाळांना या कामात ओढून घेतले. मुलांबरोबर ओढ्यात उतरल्यावर काय घडते ते मी पाहिले आहे. दहा मीटरची दोरी काठावर ताणायची, सुकलेले पान पाण्यावर सोडायचे आणि ते दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती सेकंदांत जाते ते मोजायचे, की प्रवाहाचा वेग कळतो. मग एक दगड अलगद उलटायचा. वरच्या बाजूच्या स्वच्छ पाण्यात दगडाला चिकटलेले, शेपटीला केसासारखे तीन धागे असलेले चपटे इवले जीव दिसतात; खाली सांडपाणी मिसळल्यावर ते नाहीसे होतात आणि गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्या तेवढ्या उरतात, कारण अत्यल्प प्राणवायूत तग धरण्याची सोय त्यांच्या शरीरातच असते. दोन ठिकाणचे दोन दगड उलटून पाहिलेल्या मुलीला प्रदूषण म्हणजे काय हे पुन्हा कोणी सांगावे लागत नाही.

असे पाहिलेले लिहून ठेवले, तर ते पुढे कामाला येते. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा ‘नदी वाचवा’ एवढेच लिहिलेल्या अर्जापेक्षा गाव नकाशावरची ओढ्याची रेषा, त्याच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली छायाचित्रे आणि पाणी वाहत असल्याच्या तारखा जोडलेला अर्ज बाजूला सारणे कठीण जाते. गावठाणातल्या वयस्कर माणसांकडून ओढ्यांची आणि झऱ्यांची नावे वेळीच टिपून घ्यावीत, कारण अनेक नावे कोणत्याही सरकारी कागदावर नाहीत.

एक विनंती महापालिकेलाही. पावसाळ्यापूर्वी पोकलेन लावून पात्र खरवडताना काठचे वाळुंज, करंज, उंबर आणि पाण्यातले लव्हाळे कृपा करून कचऱ्यात धरू नयेत. काठ त्यांच्या मुळांनीच धरून ठेवलेला असतो, आणि काँक्रीटची भिंत पाण्याला मुरू देत नाही. कचरा कोणता आणि वनस्पती कोणती हे दाखवायला स्थानिक माणसे आनंदाने येतील, त्यांना आधी बोलवावे इतकेच.

यंदा पाऊस ओसरला की आपापल्या सोसायटीपासून सर्वांत जवळचा ओढा शोधा, शक्य तितके उगमाकडे चालत जा, भराव किंवा सांडपाण्याचे पाइप दिसतील तिथे तारखेसह छायाचित्र घ्या आणि ओढ्याचे पाणी कोणत्या आठवड्यात थांबते ते टिपून ठेवा. बावधन, पाषाण, सुतारवाडी, बाणेर आणि विशेषतः भूगाव-भुकूमच्या मंडळींनी आपली नोंद खाली लिहावी. त्या सर्व एका नकाशावर एकत्र आणण्याचे काम मी करीन.