स्पोर्ट्स ड्रिंक वेगळं, एनर्जी ड्रिंक वेगळं
एका लेखात स्पोर्ट्स ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक दोन्ही एकाच माळेत ओवलीत, ते अजिबात पटलं नाही. स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे पाणी, थोडं मीठ आणि साधारण ६ टक्के साखर, घामातून गेलेलं भरून काढायला, १९६५ ला अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलच्या पोरांसाठी गेटोरेड हे स्पोर्ट्स ड्रिंक बनवलं ते ह्याचसाठी. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं हो! आमचा १२ वर्षांचा मुलगा कबड्डीची मॅच खेळून आला, टीशर्टवर मिठाचे पांढरे डाग आणि हातात कुणीतरी दिलेला तसला कॅन, रात्री १ पर्यंत टक्क जागा होता, छाती धडधडतेय म्हणत होता. लहान मुलांना प्लीज देऊ नका, तासभर खेळायला साधं पाणी पुरतं, फारतर मीठ घातलेलं लिंबू सरबत. आणि जुलाबात ओआरएसच द्या, स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये तेवढं मीठ नसतं.